पुन्हा काळाच?

बटण ओठाला लावलं तर गार लागलं. शिंगाचं. प्लास्टिकचं असतं तर एवढ्या वाऱ्यातही कोमटच लागलं असतं, मेलं — आणि झेनोबियो तांकाराने अजून कोट ढिगातून पुरता उपसलाही नव्हता, नुसती एक बाही हाताशी आली होती, बाकीचा कोट कपड्यांच्या ढिगाखाली दबलेला. पण बाहीवरून अख्खा कोट सांगावा तर त्यानेच. बाहीची काजं खरी होती, कापून हाताने विणलेली, नुसता दोरा मारून केलेला देखावा नव्हे. शिवण उलटवून पाहिली तर आत कापड भरपूर सोडलेलं, म्हणजे पुढेमागे कोट सैल करावा लागेल हे शिवणाऱ्याने धरून ठेवलं होतं... गिऱ्हाइकाच्या सुटणाऱ्या पोटाची काळजी वाहणारा शिंपी. असा शिंपी हलक्या कापडाला हात लावत नाही. झेनोबियोने डोळे मिटले, कापड चिमटीत धरलं, चुरगाळलं, सोडलं. कापड उसळून सरळ झालं. लोकर. अस्सल, कुठल्या तरी थंड देशातली, आणि कोणीतरी जपून वापरलेली.

हे मला येतं. दुसरं काही येवो न येवो, हे येतं.

आज गुरुवार. आजचा बाजार हुकला तर पुढचा थेट रविवारी, आणि दुखवटा उतरायचा तो शनिवारी — म्हणजे वरातीमागून घोडं. थोरल्या मेव्हणीने, बासिलियाने, सकाळीच फोनवर बजावलं होतं, 'भाऊजी, रंगीत पाहिजे हं. चांगला उठून दिसणारा. राखाडी-बिखाडी घालून उभे राहाल तर लोक म्हणतील, हा माणूस अजून रडतोय, आणि माझी बहीण तिकडे वाटेत अडकून पडेल.' वर्ष सरलं की असंच असतं. चर्चमध्ये प्रार्थना, कबरीवर फुलं, मग घरच्या अंगणात सगळ्यांसमोर साडू पुढे होतो, अंगावरचा काळा कोट उतरवतो, रंगीत चढवतो, डोक्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळतात, बँड सुरू होतो आणि विधुराला नाचावं लागतं. पाय जड असले तरी नाचावं लागतं. ज्याचा रंग बघून गेलेल्या माणसाने निर्धास्त व्हायचं, तो कोट मात्र आपला आपण आणायचा... आणि तो आणायला झेनोबियो लग्नानंतर पहिल्यांदाच या बाजारात एकटा आला होता.

एकटा, पण ताठ. मिनीबसमधून उतरल्यापासून हाकांवर हाका चालू होत्या — 'दॉन झेनोबियो, माइक कुठाय?' 'दॉन झेनोबियो, आमच्या पोरीच्या लग्नाला तुम्हीच हं, दुसरा नको!' — आणि त्याने प्रत्येकाला हात वर करून, मान जराशी कलती करून उत्तर दिलं होतं, व्यासपीठावरून देतो तसं. एल आल्तो शहरात लग्न असो, नामकरण असो, गल्लीचा उत्सव असो, माइक झेनोबियो तांकाराच्या हातात नसला की पाहुणे एकमेकांना विचारायचे, यजमानाचं काही बिनसलंय का. वर्षभर माइकला हात लावला नव्हता. दुखवट्यात गाणं-बजावणं नको म्हणून. पण आवाज गेला नव्हता, आणि ऐट तर मुळीच नाही. बाकीचे माइकवाले नवेकोरे चकचकीत सूट शिवून घेतात, दिव्याखाली उभे राहिले की चॉकलेटच्या कागदात गुंडाळल्यासारखे दिसतात. झेनोबियो मात्र दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले कोट घ्यायचा, सातासमुद्रापलीकडून गठ्ठ्यांत दाबून आलेले, आणि ते लपवायचाही नाही. कोणी नाक मुरडून म्हणालं, 'मेलेल्या गोऱ्यांचे कपडे ते,' तर उत्तर तयार: 'असतील. पण मेल्यांची आवड तुम्हा जिवंतांपेक्षा बरी होती.' हशा. टाळ्या. पुढचं गाणं.

कोट एव्हाना ढिगाबाहेर आला होता. दुकानाची मालकीण, दॉन्या हिलारिया, 'उपसा तुम्ही, कासेरो, मी आलेच' असं म्हणून मक्याची गरम आपी आणायला गेली होती — या बाजारात गिऱ्हाईक विकणाऱ्याला आणि विकणारा गिऱ्हाइकाला एकाच मायेच्या शब्दाने हाक मारतात — त्यामुळे ढीग पूर्ण त्याच्या ताब्यात होता. त्याने कोट उलटा केला. अस्तर काखेत विरलेलं नाही. बाहेरचे खिसे अजून टाक्यांनी मिटलेले, म्हणजे मालकाने त्यांत हात कोंबून कोटाचा आकार घालवला नव्हता. छातीवर, बटणाच्या जरा खाली, पुढचं कापड एका चिमटीत आणि मागचं दुसऱ्या चिमटीत धरून ओढलं, तर मधला तिसरा थर मोकळा सरकला. गोंदाने चिकटवलेला नव्हे, टाके घालून टांगलेला. आतल्या शिवणीतला एक धागा ओढून त्याने पेटत्या काडीवर धरला... जळक्या केसांचा वास, बोटात चुरणारी राख. खांदा खांद्यावर लावला. मापाचा. एखाद्या पोराने सगळ्या विषयांत पहिला नंबर काढावा तसा हा कोट एकेका परीक्षेतून पार होत होता, आणि आता एकच विषय उरला होता.

रंग. तो मला दिसत नाही.

निळा कळतो. पिवळा कळतो. बाकी तांबडं, हिरवं, तपकिरी — लोक ज्यांना वेगवेगळी नावं देऊन वाद घालतात — ते मला सगळं मातीसारखं दिसतं, इथे जरा ओली, तिथे जरा सुकी, आणि तांबडं फार गडद झालं की सरळ काळं. शाळेत स्वातंत्र्यदिनाच्या आधी झेंडा रंगवायला दिला होता. तांबडा वर, पिवळा मधे, हिरवा खाली. सगळ्या जगाला ठाऊक. झेनोबियोने हिरवा वर रंगवला, तांबडा खाली, आणि मन लावून रंगवला, रेघेच्या बाहेर कण जाऊ दिला नाही. बाईंनी तो कागद वर्गासमोर धरला. 'हे बघा, तांकाराने देश उलटा टांगला!' अख्खा वर्ग खिदळत होता आणि तो बाकावर उभा राहून कागदाकडे बघत होता, बघत होता... आणि त्याला त्यात काही चूक दिसत नव्हती. त्या दिवशी त्याने मनाशी गाठ मारली: पुन्हा मेलो तरी कोणाला रंग विचारायचा नाही. आणि विचारला नाही. आईला नाही, भावाला नाही, डॉक्टरला नाही.

निळा घेऊन मोकळं व्हावं, हे सकाळपासून मनात आलं नव्हतं असं नाही. पण निळ्याच्या पोटात जांभळा लपून बसतो हे तो जाणून होता. दुखवटा उतरायला गेला आणि पाद्रीबाबांचा उपासाचा जांभळा घालून आला — म्हणजे बासिलियाच्या तोंडाला आयता खुराक. शिवाय निळ्यात आज ढिगात जे होतं ते सगळं गोंदाने चिकटवलेलं, एका पावसात फोड येणारं. हलका कोट घालून बाहेर पडायचं? सातुकासाठी? ते होणे नाही.

सातुका. सातुर्निना, पण तिला पूर्ण नावाने कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. ती भेटली तेव्हा तो माइकवाला नव्हता, नुसता बडबड्या होता. गल्लीच्या उत्सवात ही एका खांबाला टेकून उभी, डोक्यावर वाटोळी टोपी, अंगावर घेरदार झगा, आणि झगा काळा — मग याने पुढे होऊन, शक्य तितका गंभीर चेहरा करून विचारलं, 'कोण वारलं तुमचं?' तिने झग्याकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं. आणि अशी हसत सुटली की टोपी दोन्ही हातांनी धरावी लागली. तिने काही सांगितलं नाही. नाचली मात्र त्याच्याबरोबर. पुढे लग्न झाल्यावर एकदा चुलीशी बसल्या बसल्या म्हणाली, 'त्या दिवशीचा झगा गडद डाळिंबी होता, ठाऊक आहे?' बस. त्याने मान खाली घातली आणि तिने भाताचा डाव पुढे केला. त्या विषयावर त्यांचं एवढंच बोलणं झालं, आणि पुढच्या गुरुवारी बाजारात तिने कुरकूर सुरू केली.

कुरकूर! सगळा बाजार तिला कुरकुरी म्हणायचा. तो ढिगातून कोट काढायचा, बोटांनी पारखायचा, पसंत पडला की कॉलरला धरून खांद्याइतका उंच उन्हाकडे धरायचा, आणि ती डाव्या बाजूने, शेजारपाजारच्या दुकानांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायची, 'पुन्हा तपकिरी? घरात तीन तपकिरी लोंबतायत!' किंवा, 'हा करडा? कोणी गाढवाची कातडी सोललीय का?' लोक हसायचे. बायका म्हणायच्या, बिचाऱ्याला धड कोट घेऊ देत नाही. आणि बिचारा, ज्याला एव्हाना रंग कळलेला असायचा, तो ऐटीत म्हणायचा, 'आहेच तपकिरी. तुला काय करायचंय?' इतक्या वर्षांत कोणाला संशय आला नाही. दोघांचं हे नाटक एवढं बेमालूम होतं की कधीकधी त्याला स्वतःलाच वाटायचं, रंग आपल्याला दिसतोय, हिला नुसतीच कटकट करायची सवय आहे.

मग ती गेली, आणि काळं आलं. आणि खरं सांगायचं तर — हे सांगवत नाही, पण खरं आहे — काळ्यात मला बरं वाटलं. काळ्याला कोणी लागत नाही. सकाळी उठावं, कपाटातला तो एक कोट घालावा, बाहेर पडावं. कपाटातल्या बाकीच्या कोटांच्या आत तिने दोऱ्याच्या गाठी मारून ठेवल्या होत्या, एक गाठ तपकिरी, दोन गाठी हिरवा, पण त्या चाचपायचा धीर झाला नाही. वर्षभर एकच कोट. आणि आता शनिवारी साडू रुफिनो येऊन तो उतरवणार, आणि त्यानंतर रोज सकाळी...

'काय कासेरो, उपसला का डोंगर?' दॉन्या हिलारिया आपीचे दोन पेले सांभाळत, पेट्यांमधून वाट काढत आली. 'धरा. गारठलायत नुसते.'

'डोंगर पोखरला, पण उंदीर नाही निघाला. हे बघा.'

'तुमच्या बोटांना लागला म्हणजे बघायचं काय त्यात!' ती आपल्या दुमडलेल्या गठ्ठ्यावर बसली, झग्याचा घेर आवरला. 'काल गठ्ठा फोडला, धरणीमायला दारूचे चार थेंब पाजले, म्हटलं, बाई, दॉन झेनोबियो यायचेत, त्यांच्यापुरता एक तरी निघू दे. शनिवारी मी येणार आहे हं. नाचणार आहे तुमच्याबरोबर. गुडघे दुखतायत वगैरे सांगायचं नाही.'

'दुखले तर तुमचे दुखतील. माझे गुडघे वर्षभर विश्रांतीवर आहेत.'

'आगाऊपणा काही गेला नाही.' ती हसली, आपीचा घोट घेतला, आणि मग नव्या कोटाकडे नव्हे, त्याच्या अंगातल्या कोटाकडे बघत राहिली. 'एक विचारू? रागावणार नाही ना?'

'विचारा की.'

'शनिवारी रुफिनो उतरवणार काय?'

'काय म्हणजे? हाच.' त्याने अंगातल्या कोटाची कॉलर दोन बोटांनी उचलून दाखवली. 'वर्षभर हाच तर आहे अंगावर. तुमच्याच ढिगातला, विसरलात?'

'विसरेन कशी! म्हणून तर विचारते. लोक काळा उतरवतात. तुम्ही हा डाळिंबी उतरवून आणखी रंगीत ते काय घालणार?'

झेनोबियो हसला. व्यासपीठावरचं ते हसू, वीज गेली, नवरी रुसली, केक कलंडला की बाहेर काढायचं. त्याने बाहीकडे पाहिलं. बाही काळी होती. कोळशासारखी, चुलीच्या तोंडासारखी काळी.

'डाळिंबी,' तो म्हणाला. आवाजात प्रश्न येऊ नये याची काळजी घेत म्हणाला.

'गडद आहे म्हणा. घरात फसेल माणूस. पण उन्हात कसा पेटतो...' आणि इथे तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पेला खाली ठेवला. 'अगं बाई. म्हणजे खरंच?'

'काय खरंच?'

'काही नाही.'

'दॉन्या हिलारिया.'

'अहो, मला काय ठाऊक!' ती एकदम दबक्या आवाजात बोलू लागली. 'तुम्ही हा घेतलात तेव्हा मी इथेच बसले होते, याच जागी. तुम्ही असा वर धरलात, आणि सातुका ओरडली, पुन्हा काळाच? घरात काय कावळे पाळायचेत? आणि तुम्ही म्हणालात, पाळीन, दाणे तू घाल. मी म्हणणार होते, अहो काळा कुठला, हा तर... तर तिने माझ्या पायावर पाय दिला. असा, टाच रोवून! दोन दिवस लंगडत होते. मला वाटलं नवराबायकोची काही थट्टा असेल, आपण कशाला मधे पडा.'

'आणि वर्षभर?'

'वर्षभर काय? आठव्या दिवशीच्या प्रार्थनेला तुम्ही यातच आलात. बासिलिया नुसती धुमसत होती. म्हणे, माझी बहीण मातीत, आणि हा नवरदेव बघा! मीच तिला चर्चच्या कोपऱ्यात घेतलं. म्हटलं, गप. हा कोट सातुकाने पसंत केलाय, तिच्या मनात काय होतं ते तिला ठाऊक, तू तोंड घालू नकोस. मग कोणी चकार शब्द काढला नाही. गल्लीत सगळ्यांना वाटतं, नवस आहे तुमचा.'

तेवढ्यात एक जोडपं येऊन ओव्हरकोट चाळायला लागलं आणि हिलारिया त्यांच्याकडे वळली. वळली की मुद्दाम वळली कोण जाणे, पण झेनोबियो तिचा ऋणी झाला, कारण त्याची कानशिलं तापली होती. लाज वाटली. नुसती लाज नव्हे, जीव नकोसा करणारी, बाकावर उभं राहिल्यासारखी लाज. वर्षभर! मिनीबसमध्ये, बेकरीत, कबरस्तानाच्या फाटकात — विधुराचं तोंड करून, हळू आवाजात बोलत, आणि अंगावर डाळिंबी. लोक बाजूला सरकून जागा द्यायचे ते काय म्हणून? आणि त्याआधीची वर्षं? हा कोट घालून त्याने किती लग्नं गाजवली, तेव्हा बायका एकमेकींना कोपराने ढोसून बघायच्या, कोणी मुद्दाम येऊन म्हणायचं, 'दॉन झेनोबियो, हा कोट तुमचा जीवघेणा आहे हो!' आणि हा मनात म्हणायचा, शिवण बघितली वाटतं, खांद्याची बसकण बघितली वाटतं... आपल्या पारखीचं मापात, माफक हसू हसायचा. शिवण! काय बावळट माणूस आहेस तू, झेनोबियो तांकारा.

आणि कपाट. ते तपकिरी, ते हिरवे, तो गाढवाच्या कातडीचा करडा... हे सगळं कोणाच्या शब्दावर? गाठी तिच्याच. एका कोटाबद्दल ती थाप मारू शकते तर बाकीच्यांबद्दल कशावरून नाही? कदाचित तिने मला वर्षानुवर्षं मोरासारखा सजवून लोकांपुढे उभं केलं असेल, आणि मी आपला, घरंदाज तपकिरीत आहे म्हणून घसा खाकरत... त्याला हसू आलं. लाज होतीच, पण तिच्या खालून हे हसू वर येत होतं, आणि ते व्यासपीठावरचं नव्हतं.

कारण इस्पितळ आठवलं. शेवटचे दिवस. ती उशीला टेकून, कातडी कागदासारखी झालेली, आणि भलतंच विचारणारी — तिला अशा वेळी भलतंच सुचायचं — 'माझ्यामागे कोणता घालशील रे?' त्याने रागावून सांगितलं होतं, असलं बोलू नकोस. 'सांग ना.' मग म्हणाला होता, 'तो काळा. हिलारियाकडचा.' आणि ती हसली होती. अशी हसली की खोकल्याची उबळ आली, नर्स धावत आली, याच्यावरच ओरडली, पेशंटला हसवता काय म्हणून. सातुका उबळीतसुद्धा हसत होती. डोळ्यांतून पाणी, आणि दोन्ही हात डोक्याजवळ नेलेले... मला वाटलं होतं, डोकं दुखतंय. वर्षभर मला तेच वाटत होतं. ती टोपी धरत होती.

कोण वारलं तुमचं?

तिला तेव्हाच सांगता आलं असतं. एक शब्द, अरे वेड्या, तो काळा नाही. सांगितला नाही. जाऊ दे याला डाळिंबीत, असं म्हणाली असेल मनात, मी ज्या रंगात याला भेटले त्याच रंगात रडू दे. की असलं काही नव्हतंच, नुसती थट्टा होती, आणि मरणाच्या दारात थट्टा अर्धी सोडायला ती तयार नव्हती? दोन्ही शोभतं तिला. झेनोबियोने कोटाच्या बाहीवरून हात फिरवला, हळू, कोपरापासून मनगटापर्यंत. कापड चांगलं होतं. ते तरी माझंच होतं. ते मी ढिगातून काढलं होतं, डोळे मिटून, आणि त्यात तिने एका अक्षराचा फरक केला नव्हता.

जोडपं ओव्हरकोट न घेताच गेलं. हिलारिया जवळ आली. 'थांबा,' ती म्हणाली, 'माझ्याकडे काळा आहे. खराखुरा काळा. साधाच आहे, पण शनिवारपुरता होईल. रुफिनो तो उतरवेल, कोणाला बोलायला जागा राहणार नाही.'

'नको.'

'अहो, पण लोकांसमोर —'

'लोकांनी वर्षभर पाहिलाय. आणखी एकदा बघतील.' आवाज खणखणीत निघाला, माइकशिवाय, दोन गल्ल्यांपलीकडे जाईल असा. त्यालाच नवल वाटलं. 'रुफिनोला म्हणावं, हाच उतरव. बासिलियाला म्हणावं, डाळिंबी आहे, मला ठाऊक आहे.'

'ठाऊक आहे म्हणून सांगू?'

त्याने अंगातल्या कोटाची कॉलर सरळ केली. 'सांगा.'

हिलारियाने मान डोलावली आणि खाली वाकून पँटींच्या घड्या घालू लागली. आपी गार झाली होती. झेनोबियोने ती तशीच संपवली, पेला पेटीवर ठेवला, हात पुसले, आणि नवा कोट कॉलरला धरून उचलला, खांद्याइतका उंच, उन्हाकडे. शिंगाची बटणं, मोकळा थर, जपलेली लोकर. आणि रंग... सुक्या मातीचा. त्याने बघितलं, डोळे बारीक करून बघितलं. माती. मग त्याच्या लक्षात आलं की आपण केव्हाचे थांबलो आहोत. हात वर, तोंड मिटलेलं, मान किंचित डावीकडे झुकलेली. ती डावीकडे उभी असायची.

विचारावं. दोन शब्द आहेत. रंग कोणता. आता तर हिला सगळं कळलंच आहे, आता झाकायचं ते काय? पण कुठूनसा खडूचा वास आला, बाकावर उभं राहिलेल्या पोराला येतो तसा. शेजारचा चपलावाला बघत होता. पलीकडची टोप्या विकणारी बघत होती. वाऱ्याने कोटाच्या बाह्या हलत होत्या आणि दंड भरून येत होते, तरी त्याने हात खाली केले नाहीत.

हिलारियाने वर पाहिलंसुद्धा नाही. घडी घालता घालता, अख्ख्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात ती कडाडली:

'पुन्हा हिरवा? घरात काय पोपट पाळायचेत?'

चपलावाला हसला. टोप्यावाली हसली. झेनोबियोचे हात तसेच वर राहिले, आणि त्याने चेहरा तेवढा कोटाआड घेतला. हिरवा. असेल. नसेलही, ही बाई काही कमी नाही, आणि हिच्या पायावर टाच रोवायला आता कोणी नाही. कालची गोष्ट असती तर त्याने कोट घरी नेऊन कसल्या ना कसल्या बहाण्याने खात्री करून घेतली असती. आज तशी गरज वाटेना. शनिवारी अंगणात, मी सोडून सगळ्यांना दिसेल. बासिलिया तोंड वाकडं करील किंवा करणार नाही, रुफिनो बाहीत हात घालायला मदत करील, आणि मी नाचेन. उत्तर ओठांवर आलं होतं, जुनंच, पाळीन म्हणून. पण त्याने ते दिलं नाही. कोट उन्हाकडे धरून, मान डावीकडे झुकवून तो उभाच राहिला, तिने आणखी थोडी कुरकूर करावी म्हणून.